माझ्या काचेनं पेशी मारल्या

मी मूळची धातुशास्त्राची. वस्तू टिकली पाहिजे, गंजता कामा नये, एवढंच शिकलेली. बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात बसवायच्या पदार्थांच्या क्षेत्रात, आले तीही कुणाच्या कळवळ्यानं नाही, एका काचेच्या नादानं. उगाच खोटं कशाला सांगू!

४५एस५ ही ती काच. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात बनवली. वजनानं ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी २४.५ टक्के, राहिलेले ६ टक्के फॉस्फरसचं. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते. इथे ती कमी, म्हणून ही काच पाण्यात स्वस्थ बसत नाही. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली, तर सहा आठवड्यांनी ती निघेचना. हाडानं धरूनच ठेवली.

हे वाचून मीही काच वितळवली, दळली, चाळली आणि निर्जंतुक केलेले दाणे पेशींच्या प्लेटमध्ये टाकून निवांत घरी गेले. सकाळी जीवशास्त्रातली सहकारी दारातच उभी. "मॅडम, आधी रंग बघा." लालसर असणारं माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचा पोषक द्रव, चक्क राणी कलरचं झालं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली, तळाला पाय पसरून चिकटलेल्या असायला हव्यात त्या पेशी गोल गोळ्या होऊन तरंगत होत्या. "तुमच्या काचेनं मारल्या सगळ्या," ती म्हणाली.

कारण कळलं तेव्हा जास्तच लाज वाटली. काचेतला सोडियम बाहेर येतो, पाण्यातला हायड्रोजन आयन त्याच्या जागी आत जातो, पीएच चढतो, म्हणजे द्रव अल्कधर्मी होतो. हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते! शरीरात काचेतून सुटलेलं सगळं रक्त वाहून नेतं. प्लेटच्या इवल्याशा खळग्यात ते जाणार कुठे? तेव्हापासून दाणे आधी माध्यमात भिजवायचे, माध्यम बदलायचं, मगच पेशी.

पॉलिमरची फजिती थोडक्यात: पीसीएल नावाचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना वितळतं आणि मी त्याचे सच्छिद्र साचे निर्जंतुक करायला १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या भांड्यात, घातले. बाहेर आला तो चपटा लगदा.

आता या क्षेत्रात जरा काही जमलं की 'हाड पुन्हा उगवलं' अशी हाकाटी होते. मला ती आवडत नाही. पेशीला रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे जगणं अवघड. उंदराच्या हाडातली बारीकशी पोकळी भरणं वेगळं आणि माणसाच्या हाडाचा बोटभर तुकडाच नसणं वेगळं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रक्तद्रवासारखे क्षार असलेल्या द्रावणात, ३६.५ अंशांवर, काचेच्या चकत्या आठवडाभर ठेवल्या होत्या. नवा विद्यार्थी एक चकती चिमट्यात धरून बेसिनकडे निघालेला.

"मॅडम, यावर पांढरी घाण बसलीय. घासून टाकू?"

"अरे, थांब! हात लावू नकोस!" मी खुर्ची ढकलून धावले. ती घाण म्हणजे अॅपटाइट, हाडातल्या खनिजाचा सख्खा भाऊ. आठवडाभर आम्ही त्याचीच तर वाट बघत होतो.