स्ट्रॉबेरीची नोंद: बॅगेतून निथळणारं पाणी काय सांगतं

जानेवारी संपत आला. गोव्यात आमच्या साखळी गावात पहाटे अजून गारवा असतो, पण अकरानंतर ऊन चांगलंच तापतं. सांग्यात वेर्ल्याच्या उंचीवर स्ट्रॉबेरी खुशीत वाढते. आमच्याकडे तिची मर्जी सांभाळावी लागते. परसात कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बॅगा, वर विंटर डॉन या जातीची रोपं आणि ठिबक. दुसरा बहर धरलाय, फळं अजून हिरवी आहेत.

यंदा लक्ष ठेवलंय ते बॅगेखालच्या ताटलीवर. ठिबकातून जाणाऱ्या खताच्या द्रावणाची ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) १.२ आणि निथळलेल्या पाण्याची १.९. याचा अर्थ सरळ आहे: उन्हात रोप पाणी भराभर ओढतंय, क्षार मागे साठतायत. स्ट्रॉबेरीला क्षार सोसत नाहीत, पानांच्या कडा करपायला लागतात. म्हणून द्रावण ०.९ वर आणलं आणि दुपारची पाण्याची एक छोटी पाळी वाढवली. आता निथळ १.१ च्या आसपास येतंय. खत कमी लागलं आणि पानंही बरी दिसतायत. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसता पाला माजतो, फळ मऊ पडतं आणि राखाडी बुरशीला आयतं घर मिळतं.

पण मला जास्त काळजी विहिरीची आहे. कॅल्शियम नायट्रेट हे नत्राचं खत लिटरला एक ग्रॅम टाकलं, तर त्या पाण्यात नायट्रेट लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या वर जातं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तसलं एक लिटर पाणी निथळलं, तर ते मर्यादेत आणायला बारा-तेरा लिटर स्वच्छ पाणी लागेल. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. आणि आपला जांभा दगड म्हणजे चाळण. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) उलटं आहे: जांभ्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम त्याला घट्ट पकडून ठेवतात, पण पहिल्या पावसात माती वाहून गेली की तेही ओढ्यातून वाळवंटी नदीत जातं. शिवाय पाणी साचून राहिलं तर जिवाणू नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७३ पट उष्णता धरतो. परसातल्या बागेचा वाटा किती, असं म्हणून मी हे सोडून देणार नाही. विहीर आमचीच आहे आणि शेजाऱ्यांचीही.

म्हणून ताटल्यांतलं पाणी आता पन्हळीतून पिंपात जमा होतं, आणि तेच केळींना व सुपारीला थोडं थोडं जातं. पावसात मात्र हे जमणार नाही. एप्रिलनंतर नत्र बंद करायचं ठरवलंय. बॅगेत उरलेलं रोपांनीच वापरावं, मृगाच्या सरींनी धुऊन नेऊ नये.

एक कामाची गोष्ट: कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं खत) ही दोन्ही घट्ट द्रावणं एका डब्यात करू नका. तळाला पांढरा साका बसतो, ड्रिपर तुंबतात आणि खत वाया जातं. दोन डबे ठेवा, पाळ्याही वेगळ्या.

कोणी विहिरीचं नायट्रेट पट्टीने तपासत असेल, तर पावसाआधीचे आणि पावसानंतरचे आकडे इथे टाका. मी माझे मेमध्ये टाकेन.