खोकल्याला जंतूच हवा होता

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे, दादांच्या पोटातला जंतू. हेलिकोबॅक्टर पायलोरी. आई त्याला नुसतं ‘पायलोरी’ म्हणते, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू असल्यासारखं.

दादांची जळजळ जुनी, खोकला त्याहून जुना. वाशीच्या पोटाच्या डॉक्टरांनी श्वासाची टेस्ट सांगितली. तिच्यासाठी अॅसिडिटीची गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, त्यामुळे घरातलं वातावरण काय होतं ते विचारू नका. शेवटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याच रात्री धाकट्याने फॅमिली ग्रुपवर टाकलं की हा जंतू फुप्फुसंही बिघडवतो. झालं! खोकल्याचा चोर सापडला म्हणून सगळे खूश. मी मायक्रोबायोलॉजीवाली, लॅबमध्ये नोकरी करणारी, म्हणून मला विचारलं. उत्तर लांबलं तसे एकेक जण उठून गेले. तेच इथे लिहितेय.

टेस्ट मोठी गमतीची आहे. कार्बन-13 ची खूण असलेला युरिया प्यायला देतात. पायलोरीकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं. युरिया फोडून तो अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाने जठरातल्या अॅसिडमध्ये तग धरतो. त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात जातो, तिथून फुप्फुसांत, आणि तुम्ही तो पिशवीत फुंकता. म्हणजे पोटातल्या जंतूची चुगली फुप्फुसंच करतात. पण म्हणून तो फुप्फुसांत राहतो असं नाही.

अॅसिडमध्ये जंतू जगेल यावर पूर्वी डॉक्टरांचाच विश्वास नव्हता. 1984 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. पुढे औषधाने जंतू गेला की अल्सर सहसा उलटत नाही हेही दिसलं, आणि 2005 मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. पोटाचा खटला असा पक्का झाला.

फुप्फुसांचा खटला अजून संशयावरच चालू आहे. संशय अगदी पोकळ नाही. पायलोरीचं व्हॅकए नावाचं विष जपानी संशोधकांना काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या ऊतींत सापडलंय. जठरातलं पाणी झोपेत घशाशी येऊन थेंबभर श्वासनलिकेत उतरतं, तो एक रस्ता असू शकतो. उत्तर अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात पायलोरी असलेल्यांची फुंकायची ताकद कमी भरली. पण त्यांची उंचीही कमी होती, आणि पुढच्या वर्षांत त्यांची फुप्फुसं इतरांपेक्षा जास्त वेगाने ढासळली नाहीत. मला यात जंतूपेक्षा बालपण दिसतं. पायलोरी बहुधा लहानपणीच लागतो, दाटीवाटीच्या घरात, जेमतेम पाण्यात. तशा घरात फुप्फुसं तरी कुठून भरणार? दादा तसल्याच घरातले.

आणि दम्याचं तर उलटंच आहे. पायलोरी असलेल्या मुलांत दमा थोडा कमी, असं काही अमेरिकन पाहण्यांत दिसलं. स्वित्झर्लंडमध्ये उंदराच्या पिल्लांना हा जंतू मुद्दाम दिला, तर त्यांना दम्यापासून संरक्षण मिळालं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग ठेवायचा का काढायचा?” दादांच्या वयात, जळजळ असताना, काढायचाच. जठराच्या कॅन्सरचं हे मोठं कारण आहे, 1994 पासून तो अधिकृतपणे कर्करोगकारकांच्या यादीत आहे.

भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा सापडतो. म्हणजे खोकणाऱ्या कुणालाही तपासा, पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. पण घरच्यांना जंतूच हवाय, कारण जंतूला 14 दिवसांचा कोर्स असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपनीतल्या नोकरीला कोर्स नाही. बिडीला तर नाहीच. छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणी) करून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, केव्हाच लिहून दिलाय, इन्हेलरही दिलाय. तो खोक्यातून बाहेर आला नव्हता, कारण “एकदा लागला की सवय लागते”. हे बिडी ओढणारा माणूस सांगतो!

कोर्स झाला. तोंड कडू पडलं म्हणून दादांनी सगळ्यांना पुरेसा त्रास दिला. आता निदान चार आठवडे थांबून परत श्वासाची टेस्ट, जंतू गेला का बघायला. जळजळ थांबलीय. खोकला आहे तसाच आहे, त्यामुळे ग्रुपवर आता दुसऱ्या जंतूचा शोध सुरू झालाय. इन्हेलर मात्र मी खोक्यातून काढून स्पेसरला, म्हणजे औषध नीट आत जावं म्हणून लावायच्या नळीला, जोडून दिलाय. रोज सकाळी माझ्यासमोर घ्यायचा, नंतर चूळ भरायची, मगच चहा.