काय खाणं सोडलंत?

"एवढा चिवट इसब गेला कसा? नेमकं काय खाणं सोडलंत?" माझे कोपर पूर्वी पाहिलेली माणसं भेटली की हे विचारतातच. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: गेलेला नाही, शांत आहे. दुसऱ्याचं देताना जरा ओशाळायला होतं, कारण मी एकेक करत बरंच काही सोडलं होतं आणि आज ते सगळं खातो.

सुरुवात दुधापासून झाली. हात दुमडतो तिथे, आतल्या बाजूचा चट्टा इतका चिघळला होता की झोपेत खाजवल्यामुळे सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. दूध बंद केलं आणि तीन आठवड्यांत चट्टा सुकला. मग काय, भेटेल त्याला मी दूध सोडायचा सल्ला देत सुटलो. दोन महिन्यांनी, पोटात दुधाचा थेंब नसताना, चट्टा परत हजर. अंडी बंद केली. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा तेच. मग गहू. वर्षभरात वजन सात किलोंनी उतरलं, इसब म्हणजे एक्झिमा होता तिथेच.

डोळे उघडले ते फोनमधल्या फोटोंनी. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, कधी काय सोडलंत? तारखा आठवेनात, म्हणून कोपराचे फोटो क्रमाने लावले. प्रत्येक पथ्य मी सगळ्यात वाईट आठवड्यात सुरू केलं होतं! हा आजार आपण होऊनच चढतो आणि उतरतो. ऐन भरात असताना काहीही सुरू केलं तरी पुढे उतारच असतो, आणि श्रेय मात्र पथ्याला जातं.

तपासणीत मला अन्नाची ॲलर्जी निघाली नाही, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध पुन्हा सुरू केलं. पहिला पेला प्यायलो आणि पुढचे दोन दिवस कोपराकडे टक लावून बसलो. काहीच झालं नाही. आनंद व्हायला हवा होता, मला चक्क राग आला.

म्हणजे खाण्याचा संबंध नसतोच असं नाही. लहान मुलांमध्ये, विशेषतः तीव्र एक्झिमा असेल तर, अन्नाची ॲलर्जी सोबत असू शकते. अंड्याची ॲलर्जी तपासणीत दिसलेल्या बाळांना अंडं टाळून फायदा झाल्याचं आढळलंय. पण सरसकट सगळ्यांनी पदार्थ वगळून विशेष फरक पडत नाही, असा वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्याचा निष्कर्ष होता. उलट ॲलर्जीकडे कल असलेल्या मुलाचा एखादा पदार्थ अंदाजाने बरेच महिने तोडला आणि मग अचानक दिला, तर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. मुलांवर असले प्रयोग घरच्या घरी करू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

'नैसर्गिक' या शब्दाने तर मला चांगलंच फसवलं. कुणीतरी दिलेलं एक जडीबुटीचं मलम तीन दिवसांत जादू करून गेलं, आणि थांबवल्यावर चट्टे दुप्पट जोमाने आले. त्यात काय होतं ते मला कळलं नाही. पण १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अशी ११ चिनी वनौषधी मलमं तपासली, तेव्हा आठांमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सापडलं होतं. त्यापेक्षा डॉक्टरने मोजून दिलेलं स्टिरॉइड परवडलं: भडका उठला की बोटाच्या पेराएवढं, दोन तळव्यांइतक्या जागेला, थोडे दिवस. ईव्हनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या गोळ्याही खाल्ल्या. २७ अभ्यासांच्या आढाव्यात त्यांचा उपयोग दिसला नाही, मलाही दिसला नाही. ऑलिव्ह तेल त्वचेचा वरचा थर कमजोर करतं, हे चोळून झाल्यावर वाचलं. सूर्यफुलाचं तेल त्या मानाने बरं. बारीक दळलेल्या ओट्सच्या पाण्याने मात्र खाज खरंच निवते.

मग उपयोग कशाचा झाला? सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. बऱ्याच जणांत त्वचेची भिंतच मुळात गळकी असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी पडण्याचा याच्याशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. पाणी बाहेर झिरपतं, साबण आणि जंतू आत शिरतात. म्हणून कोमट पाण्याची अंघोळ, दहा मिनिटांच्या आत. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर भरपूर थापायचं. भरपूर म्हणजे, एक्झिमा अंगभर असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला अर्धा किलोसुद्धा लागतं. आणि बरं वाटायला लागल्यावरही चालू ठेवायचं. मी नेमका तिथेच दर वेळी थांबायचो.

परवा एकाला हे सगळं सविस्तर सांगितलं, न्हाणीघरातला मोठा डबाही दाखवला. त्याने मान डोलावली, डब्याचा फोटोसुद्धा काढला. मग दाराशी चपला घालता घालता हळूच म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण पथ्य काय?"