आमची वाटचाल : ताडोबाची कार्डं
मोहर्ली गेटच्या आसपास होमस्टेमध्ये, टपरीवर, जिप्सीच्या सीटमागच्या खिशात झाडापाखरांची हातात मावतील अशी कार्डं दिसली तर ती चंद्रपूरच्या आमच्या छोट्या प्रेसची आहेत हे आधीच सांगून टाकतो, कारण मधे ती दुसऱ्याच्या नावावर खपली.

आधी आम्ही लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायचो. ताडोबा १९५५ पासून नॅशनल पार्क आहे, पण पर्यटक वाघ बघून जातो नाहीतर वैतागून जातो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, उन्हाळ्यात पांढरंफटक उभं असलेलं कुलूचं झाड, रानकुत्री, गाइडला सगळं तोंडपाठ असतं, पण वाघाचा माग सोडून बोलायला उसंत कुठाय. म्हणून मजकूर आम्ही पुस्तकातून नाही घेतला, मोहर्लीच्या एका गाइडभाऊंनी बसून सांगितला. मोहाच्या कार्डावर त्यांनी आग्रहानं लिहून घेतलं की मार्च-एप्रिलात पहाटे गावातल्या बाया मोहफुलं वेचायला जातात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येतं, तेव्हा उजाडायच्या आत शिवारात भटकू नका. विकायची होमस्टेवाल्यांनी, सुटणारे पैसे त्यांचे, कार्डाच्या मागे सांगणाऱ्याचं नाव.

मग एक मोठी एजन्सी आली. आमच्याकडून सॅम्पल नेलं, दर विचारले, आणि दोन महिन्यांनी तीच चित्रं ग्लॉसी पेपरवर, गाइडभाऊंचं नाव गायब, वर कान्ह्याचा बाराशिंगा ताडोबात आणून बसवलेला! रिसॉर्टांनी तेच घेतलं कारण चकचकीत होतं. आमचे गठ्ठे पडून, कागदवाल्याची उधारी डोक्यावर, आणि तेवढ्यात मार्च २०२० ला गेटच बंद. लॅमिनेशन मशीन विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक बघून पण गेलं. तेव्हा मोहर्लीच्या मावशी, ज्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून आमची कार्डं आहेत, स्वतःच्या खोल्यांना कुलूप असताना पुढच्या सीझनचे पैसे देऊन गेल्या. म्हणाल्या, "छापून ठेव बाप्पा, गेट का जन्मभर बंद राहते?" मशीन वाचलं ते त्या पैशांवर. एजन्सीकडून आजवर एक फोन नाही, आणि ते मी विसरणार पण नाही.

गेट उघडल्यावर गाडी रुळावर आली, नंतरची वर्षं बरी गेली.

जंगलाच्या कडेला हे काम करणाऱ्यांना सांगतो, बाहेरच्या बोर्डाला साधा फ्लेक्स वापरू नका. चंद्रपूरच्या उन्हात आधी पिवळा आणि गुलाबी रंग उडतो, काळा आणि निळा तेवढा राहतो, मग वाघ निळा दिसायला लागतो आणि लोक फोटो काढून हसतात. कार्डाला लॅमिनेशन करताना कागदापेक्षा चारी बाजूंनी जरा कडा सोडा, कडेला कापलं की पाणी शिरलंच. सॅम्पल देताना त्यावर नाव आणि तारीख आडवी छापा. आणि गावातल्या माणसाला मानधन मजकूर घेतानाच द्या, विक्री झाल्यावर बघू म्हणू नका, त्याची मजुरी बुडालेली असते.

यंदा गवतांचा आणि कोळ्यांचा संच काढतोय, मजकूर कोलारा गेटकडच्या दोन गाइडताई सांगताहेत. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला उघडतो, पण ज्यांना हवाय त्यांनी जूनमध्येच सांगा, पावसात कागद ओल धरतो आणि लॅमिनेशनमध्ये फुगे येतात.