परतावा दिला, पण कुणाला?

ओव्हरड्राफ्टवर (शिल्लक संपली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून पैसे काढायची सोय) लावलेलं दंडाचं शुल्क चुकीचं होतं, हे बँकेने अखेर लेखी मान्य केलं. मग परतावा जमा केला तो त्याच उणे खात्यात! माझ्या हातात काहीच आलं नाही, फक्त उणे आकडा थोडा लहान झाला. म्हणे, बँकेचं येणं असं परस्पर वळतं करून घ्यायचा अधिकार करारात आहे.

असेलही. माझं खरं भांडण तारखेशी आहे.

बँकेने रक्कम आजच्या तारखेने जमा केली. पण ते शुल्क कापलं गेलं त्या दिवसापासून शिल्लक तेवढी जास्त खाली होती आणि त्या वाढीव उण्यावर रोज व्याज चढत होतं. त्यातच एक हप्ता मर्यादेबाहेर गेला म्हणून परत फिरला, त्याचं वेगळं शुल्क. मूळ शुल्क नसतं तर तो हप्ता सहज गेला असता. म्हणजे नुसतं शुल्क परत करून भागत नाही. मूळ तारखेपासून खातं पुन्हा मांडायला हवं: व्याज, पुढची शुल्कं, सगळं. शिवाय परत फिरलेल्या हप्त्याचा डाग क्रेडिट अहवालावरूनही पुसायला हवा.

काउंटरवरचा माणूस भला होता, पण त्याच्या हातात काही नाही. तेव्हा तक्रार विभागाला पत्र लिहिलं, सोबत खातेउताऱ्यावर खुणा करून दिल्या. त्यांनी उलट एक कागद पाठवला: 'पूर्ण व अंतिम तडजोड' मान्य असल्याची सही द्या. म्हणजे पुढे काही मागायचं नाही. ती सही दिली नाही. आता लेखी हिशेब मागितलाय. तो नाही आला तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे.