आमची वाटचाल: सहा मुलांपासून चौदा मुलांपर्यंत, त्याच घरात

बे एरियातल्या आमच्या राहत्या घरात पाळणाघर सुरू झालं ते २०१८ साली, लहान परवान्यावर. आज त्याच घराला मोठा परवाना आहे. या काळात मराठी कुटुंबांनी आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: 'रहिवासी वस्तीत पाळणाघर चालतं का?' कॅलिफोर्नियात याचं उत्तर राहत्या घराला एक आहे आणि सेंटरला, म्हणजे घराबाहेरच्या स्वतंत्र जागेतल्या पाळणाघराला, दुसरंच, आणि नेमकी इथेच गल्लत होते. सिटीच्या प्लॅनिंग काउंटरवर जाऊन 'डे केअर सेंटर काढायचंय' असं सांगितलं की समोरचा माणूस साहजिकच सेंटरचा अर्ज हातात ठेवतो. त्यात साइट प्लॅन, पार्किंगचा हिशोब, जाहीर सुनावणी असं सगळं आलं. घरातच करायचं असेल तर 'फॅमिली चाइल्ड केअर होम' हेच शब्द वापरा.

लहान परवान्यात ६ मुलं घेता येतात आणि त्यांत तान्ही, म्हणजे दोन वर्षांखालची, फार तर ३. आठ घ्यायची असतील तर एक मूल निदान किंडरगार्टनला जाणारं, आणखी एक किमान ६ वर्षांचं आणि तान्ही दोनच. मोठ्या परवान्यात १२ मुलं, त्यांत ४ तान्ही. शाळेच्या त्याच अटींवर १४, पण मग तान्ही ३. मोठ्या परवान्याला मदतनीस हवाच. ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशी मुलांचा आकडा लहान परवान्यावर येतो. स्वतःची १० वर्षांखालची मुलंही मोजणीत धरतात. हे विसरून आधीच जागा भरून टाकणारे बरेच असतात आणि मग एका पालकाला नाही म्हणायची वेळ येते. मोठ्या परवान्यासाठी आधीचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, म्हणून सुरुवात बहुतेकांची लहानापासूनच होते.

२०१९ अखेरपर्यंत मोठ्या घरगुती पाळणाघरासाठी सिटी वेगळा परवाना मागू शकत होती. दोन पाळणाघरांमधलं अंतर, रहदारी, पार्किंग, आवाज यांवर अटी घालू शकत होती आणि १०० फुटांच्या आतल्या घरमालकांना नोटीस जायची. १ जानेवारी २०२० पासून सिनेट बिल २३४ लागू झालं आणि लहान-मोठी दोन्ही घरं कायद्याने 'रहिवासी वापर' ठरली. त्यांना झोनिंगचा (कोणत्या वस्तीत जागेचा कोणता वापर चालेल, याचा) परवाना लागत नाही, सिटीचं बिझनेस लायसन्स लागत नाही आणि त्याची फीही नाही. फ्लॅट, काँडो, टाउनहाउस सगळी त्यात आली. उंची, सेटबॅक (हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर) असे जे नियम त्या झोनमधल्या इतर घरांना, तेवढेच तुम्हाला. होमओनर्स असोसिएशनच्या नियमावलीत बंदी लिहिलेली असली तरी ते कलम टिकत नाही. आमच्या मते छोट्या व्यावसायिकांसाठी इतका उपयोगी कायदा क्वचितच होतो.

भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागत नाही, पण सुरू करण्याच्या ३० दिवस आधी त्याला लेखी कळवावं लागतं. लहानमध्ये सहाच्या पुढे आणि मोठ्यात बाराच्या पुढे जायचं असेल तर मात्र त्याची लेखी संमती हवी. कायद्याच्या कमाल मर्यादेपर्यंत तो डिपॉझिट वाढवू शकतो.

झोनिंग सुटलं तरी फायर क्लिअरन्स, म्हणजे आगीपासूनच्या सुरक्षिततेची मंजुरी, सुटत नाही. मोठ्या परवान्याचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथेच. मुलं वापरतात त्या प्रत्येक मजल्याला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात, एकमेकींपासून दूर. दोहोंपैकी एक हाताने सरकवायचं काचेचं दार असलं तरी चालतं. त्या दाराच्या खालच्या पन्हाळीत चोराच्या भीतीने लाकडी दांडका टाकून ठेवायची सवय असते, तो काढा. दारापुढचा सोफा हलवा. पुढे बघा: मागच्या अंगणातून रस्त्यावर जायच्या बाजूच्या फाटकाला कुलूप असेल तर ती वाट कागदावरच राहिली. अग्निशामक सिलिंडर किमान '२ए१०बीसी' प्रतीचा, शिवाय धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचे डिटेक्टर, आणि धोक्याची सूचना द्यायला घंटा किंवा तसं काही साधन. घराचा नकाशा काढताना ज्या खोल्यांत मुलं जाणार नाहीत त्यांवर स्पष्ट 'वापरात नाही' लिहा. पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण किमान ५ फूट.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जरा ठळकपणे सांगायला हवी. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येऊन त्याच घरात राहणार असतील तर त्यांचेही लाइव्ह स्कॅनचे (म्हणजे डिजिटल पद्धतीने घेतलेले) बोटांचे ठसे आणि मंजुरी आधी झालेली असायला हवी. 'आजी फक्त पोळ्या करते' हे कारण तपासनीस ऐकत नाही. मंजुरीशिवाय प्रौढ माणूस घरात आढळला की दंड दिवसाला १०० डॉलर. ठसे आल्या आठवड्यात द्या आणि मंजुरी येईपर्यंत त्यांची राहण्याची सोय दुसरीकडे करा.

शेजाऱ्यांची तक्रार मुलांच्या आवाजापेक्षा गाड्यांची जास्त असते. आम्ही सकाळी ८ ते ९:१० मध्ये दहा-दहा मिनिटांच्या सात वेळा ठरवल्या आहेत, प्रत्येक वेळेला दोनच गाड्या आणि त्याही आपल्याच ड्राइव्हवेत. शेजाऱ्याच्या टपालपेटीपुढे गाडी थांबली तर पोस्टमन टपाल न टाकताच जाऊ शकतो. कचऱ्याच्या दिवशी डबे रस्त्याकडेला असतात, त्या दिवसाची सूचना पालकांना आदल्या संध्याकाळी जाते.

चौदाच्या पुढे जायचं म्हटलं की सेंटरच. त्याच परवान्यावर दुसरं घर घेता येत नाही, कारण परवानाधारकाला तिथेच राहावं लागतं आणि दिवसभराच्या कामाच्या वेळेपैकी २० टक्क्यांहून जास्त वेळ बाहेर राहता येत नाही. सेंटरला आत मुलामागे ३५ चौरस फूट आणि बाहेर ७५. म्हणजे २४ मुलांना आत ८४० आणि बाहेर १,८०० चौरस फूट. आतल्या मोजणीत बोळ, संडास, स्वयंपाकघर, ऑफिस धरत नाहीत, त्यामुळे जाहिरातीत हजार चौरस फूट म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात कमी पडते. दर १५ मुलांमागे एक संडास, म्हणजे इथे दोन. बालवाडीच्या वयाला १२ मुलांमागे एक शिक्षक.

रहिवासी झोनमध्ये सेंटरसाठी बऱ्याच शहरांत कंडिशनल यूज परमिट, म्हणजे अटींसह वापराची सिटीची परवानगी, लागतं. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी ३०० फुटांतल्या मालकांना नोटीस जाते. हे परमिट माणसाला नाही, जागेला चिकटलेलं असतं, म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधी त्या पत्त्यावर जुनं परमिट आहे का आणि त्यात मुलांची संख्या किती लिहिली आहे, हे सिटीच्या नोंदीत बघावं. वस्तीतल्या चर्चच्या रविवारच्या वर्गखोल्या आठवडाभर रिकाम्या असतात आणि पार्किंग तयार असतं. आम्ही सध्या अशाच दोन जागा मोजतो आहोत. नोटीस पोचायच्या आधी त्या ३०० फुटांतल्या प्रत्येक घरी गाड्यांचं वेळापत्रक घेऊन जायचं ठरलं आहे.