चोवीस डिसेंबरची नाइट आणि बॉम्बे ग्रुप

डिसेंबरचा शेवटचा आठवडा ब्लड बँकेत काम करणाऱ्या कुणालाच आवडत नाही, मी ख्रिश्चन असून सांगते. कॉलेजांना सुट्ट्या, आयटीवाले गोव्याला, सोसायट्यांनी शिबिरं जानेवारीवर ढकललेली, म्हणजे रक्त येणं बंद आणि जाणं चालूच. ॲक्सिडेंट आणि डिलिव्हऱ्या काही सुट्टीवर जात नाहीत. आधीच जमवून ठेवावं म्हटलं तर प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे तेही नाही. त्यात नातेवाईक काउंटरवर येऊन म्हणतात, एवढं मोठं हॉस्पिटल आणि तुमच्याकडे रक्त नाही? त्यांच्यातल्या पाच जणांना म्हणा की तुम्ही देता का, लगेच कुणाला शुगर निघते, कुणाला गाडी पार्क करायची असते.

घरी वेगळीच तारांबळ. लोकांना वाटतं ख्रिश्चनांचा सण म्हणजे केक आणला की झालं. आमच्या नगरकडच्या घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अनारसे सगळं होतं, दिवाळीसारखंच, वर केक वेगळा. शिवाय रोज रात्री कॅरल राउंड, क्वायरची प्रॅक्टिस, संडे स्कूलचा कार्यक्रम, त्यात माझ्या मुलाला मेंढपाळ केलेला आणि त्याला काठी पाहिजे होती ती नेमकी वाकडीच पाहिजे होती. आगमनाच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांपैकी, दुसऱ्या रविवारी आमच्याकडे शांतीची मेणबत्ती लावतात. पाळकसाहेब शांतीवर छान बोलले आणि मी बाकावर बसून अनारशाच्या पिठाचा विचार करत होते, ते बिघडलं होतं. उपासना संपल्या संपल्या बाहेर पोर्चमध्ये कॅरलच्या माइकवरून कमिटीतल्या दोघांची जुंपली. महिनाभर मी रोज प्रार्थनेत शांती मागत होते, आणि मिळत होती ती ॲसिडिटी.

आणि ड्युटी लागली ती २४ ची नाइट. दिवाळीच्या नाइट मी दरवर्षी घेते, सगळ्यांचे सण सांभाळते, पण माझा सण आला की रोस्टर करणाऱ्याला आठवत नाही. त्यावर "अगं, तुमचं तर पंचवीसला असतं ना?" असं ऐकावं लागतं. नवऱ्याने चर्चमधून मुलाचा काठीसकट फोटो पाठवला, तो मी बघितला आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

दहाच्या आसपास लेबर वॉर्डातून सॅम्पल आलं. बाई चोवीसएक वर्षांची, सिझेरियन झालेलं, ब्लीडिंग थांबत नाही, हिमोग्लोबिन ४.८. फॉर्मवर लाल पेनाने मोस्ट अर्जंट, चार रक्ताच्या पिशव्या, चार प्लाझ्मा. नऊ महिन्यांच्या फाइलमध्ये जागोजाग ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं.

आता हे जरा सविस्तर सांगते, कारण यातच सगळी गंमत आहे. रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. एकदा पेशंटच्या लाल पेशी घेऊन त्यांवर अँटी-ए, अँटी-बी टाकून बघायचं, हे फॉरवर्ड. मग पेशंटचं सिरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पातळ पाणी, घेऊन ते आपल्याकडच्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं, हे रिव्हर्स. गल्लीबोळातल्या लॅब फक्त पहिली बाजू करतात, तीही काचेच्या स्लाइडवर दोन थेंबांत, आणि बऱ्याच जणांचं आयुष्य त्यावर निभावतं. या बाईचं फॉरवर्ड स्वच्छ ओ पॉझिटिव्ह. रिव्हर्समध्ये ए पेशी जमल्या, म्हणजे त्यांच्या गुठळ्या झाल्या, बी पेशी जमल्या, ते ठीक, ओ माणसाचं तसंच होतं. पण ओ पेशीसुद्धा जमल्या, चार प्लस, म्हणजे अगदी घट्ट. ओ पेशी कुणाच्याच सिरममध्ये सहसा जमत नाहीत, म्हणून तर त्या कंट्रोलला ठेवतात.

आमचा ज्युनियर म्हणाला, "मॅडम, ओ सेल खराब झालेत." तो हुशार आहे पण त्याला मशीनपेक्षा बाटलीवर संशय घ्यायला आवडतं. ताज्या ओ पेशी बनवल्या. पुन्हा तेच. मग तिच्या सिरममध्ये दुसऱ्यांच्या पेशींविरुद्ध काही आहे का हे बघायला अँटीबॉडी स्क्रीनिंगचं जेल कार्ड लावलं, सोबत ऑटो कंट्रोल, म्हणजे तिच्याच पेशी तिच्याच सिरमला. कार्ड ३७ डिग्रीला पंधरा मिनिटं ठेवायचं, मग सेंट्रिफ्यूज. ही पंधरा मिनिटं कुणाच्या बापाला कमी करता येत नाहीत. वॉर्डातून फोन वाजतोय, बाहेर नवरा जाळीला कपाळ लावून उभा, आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचं.

एरवी या वेळात माझे कान गरम होतात, आवाज चढतो, ज्युनियरवर खेकसते, हे सगळ्या स्टाफला माहितीये. त्या रात्री मी स्टुलावर बसले आणि स्तोत्र २३ म्हणायला लागले, मनातल्या मनात, आजी म्हणायची त्या चालीत. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. मुद्दाम ठरवून नाही, दिवसभर मेंढपाळाच्या काठीचं डोक्यात होतं त्यामुळेही आलं असेल. ते संपल्यावर मी एकच गोष्ट मागितली: देवा, जे आहे ते मला नीट दिसू दे. बाई वाचू दे असं मागितलंच नाही, सुचलंच नाही. याचा मी अजून विचार करते.

कार्ड बाहेर काढलं. जेल कार्ड म्हणजे पोस्टकार्डाहून लहान प्लास्टिकची पट्टी, त्यात सहा बारीक नळ्या. रक्त जुळत असेल तर पेशी सरळ जेलच्या तळाशी जाऊन बसतात, खाली लाल टिकली दिसते. जुळत नसेल तर वरच अडकतात, वर लाल रेघ. स्क्रीनिंगच्या तिन्ही नळ्यांत रेघ वर, पक्की. ऑटो कंट्रोलमध्ये टिकली तळाशी, एकदम सुबक. म्हणजे हिचं सिरम जगातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पेशींना मारतंय, फक्त तिच्या स्वतःच्या सोडून.

फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात अँटी-एच लेक्टिनची, म्हणजे पेशींवरचं एच ओळखणाऱ्या द्रावणाची, छोटी बाटली असते. ती संपली किंवा एक्स्पायर झाली की मी स्टोअरशी भांडते, आणि स्टोअरवाला दरवेळी विचारतो की वर्षातून एकदा लागणारी वस्तू कशाला पाहिजे. नेहमीच्या ओ पेशींवर थेंब टाकला, क्षणात गुठळ्या. तिच्या पेशींवर टाकला, काही नाही. स्लाइड हलवत राहिले, लाल दुधासारखं सपाट. बॉम्बे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ए, बी, ओ सगळ्यांच्या पेशींवर एच नावाचा पाया असतो, बॉम्बे ग्रुपवाल्यांत तो पायाच नसतो, म्हणून त्यांना ओ सुद्धा चालत नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच हे पहिल्यांदा दाखवलं, म्हणून हे नाव. आपल्याकडे साधारण १०,००० मागे एक असतो. मी इतकी वर्षं पुस्तकात आणि परीक्षेच्या प्रश्नात बघितलं होतं, खऱ्या नळीत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला आनंद झाला, बाई तिकडे रक्तात पडलेली असताना.

मग फोन उचलला. गायनॅकचा रेसिडेंट दोन रात्री न झोपलेला असणार. "मॅडम, ओ निगेटिव्ह द्या ना, ते सगळ्यांना चालतं." मी म्हटलं, सर, हिला नाही चालणार, बॉम्बे ग्रुप आहे, ओ निगेटिव्ह दिलं तर पेशी आतल्या आत फुटतील. तो ओरडला की पेशंट गेली तर जबाबदार तुम्ही, लिहून द्या. म्हटलं, देते लिहून, पण पिशवी देणार नाही, आणि प्लाझ्मा आत्ता वितळवायला टाकतेय, तो हिला कुठल्याही ग्रुपचा चालतो, अर्ध्या तासात वॉर्डबॉय पाठवा. आवाज चढला नाही. हातही थरथरले नाहीत, लिहून दिलेलं अक्षर मी दुसऱ्या दिवशी बघितलं, सुवाच्य आहे. आमच्या ट्रान्सफ्युजन ऑफिसर मॅडमना घरी फोन केला, त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, बरोबर आहे, अडून राहा, मी रेसिडेंटच्या सरांशी बोलते. अशा वरिष्ठ कमी असतात.

रक्त शोधायचं म्हणजे आधी सख्खी भावंडं, त्यांच्यात चारात एक शक्यता असते. भाऊ बी पॉझिटिव्ह निघाला. धाकटी बहीण, वीस वर्षांची, एवढीशी, बॉम्बे निघाली! बाहेर सगळे रडायला लागले. तिचं हिमोग्लोबिन बघितलं तर १०.६. साडेबारा लागतं. ती म्हणे, ताई, मला काही होत नाही, घ्या. नाही घेतलं. तेव्हासुद्धा मी शांत होते आणि ती माझ्याकडे बघत होती जशी मी दगड आहे.

बॉम्बे ग्रुपच्या डोनर्सची यादी सांभाळणारे काही स्वयंसेवक आहेत, रात्री अकराला फोन उचलतात, तेही २४ तारखेला. त्यांनी साताऱ्याचा एक डोनर काढून दिला. त्या रात्री अख्खं पुणे महाबळेश्वरकडे निघालेलं, खंबाटकीत गाड्या तटलेल्या, आणि हा एकटा उलट्या दिशेने बोगद्यातून आला, दीडच्या आत. फॉर्म भरताना विचारावंच लागतं, दारू घेतलीये का. म्हणाला, "ताई, ग्लास भरला होता, तेवढ्यात फोन वाजला." मागचं रक्तदान होऊन चार महिने झालेले, हिमोग्लोबिन पंधरा. पिशवी भरली, मग एचआयव्ही, कावीळ, मलेरिया वगैरे सगळ्या टेस्ट, त्या झाल्याशिवाय पिशवी हलत नाही, पुन्हा वाट बघणं. पेशी वेगळ्या केल्या, क्रॉसमॅच, म्हणजे त्याच्या पेशी तिच्या सिरमला, लावला, नळीत टिकली तळाशी. ४ वाजून २० मिनिटांनी पिशवी वॉर्डात गेली. दुसरी पिशवी दुपारी दुसऱ्या शहरातून आली. तोवर त्यांनी ऑपरेशन करून ब्लीडिंग थांबवलं होतं. बाई वाचली, बाळ ठणठणीत, मुलगी झाली.

सकाळी सुटल्यावर युनिफॉर्मवर शाल घेऊन दहाच्या उपासनेला गेले आणि प्रवचनात झोपले.

यापुढचं मला अजून सुटलेलं नाही. चर्चमध्ये गोष्ट पोचली ती अशी की मी प्रार्थना केली आणि देवाने रक्त पाठवलं. पाळकसाहेब म्हणाले, ३१ च्या रात्री साक्ष द्या, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगा. मी म्हटलं, साहेब, असं झालं नाही. रक्त साताऱ्याच्या माणसाने दिलं, डिझेल स्वतःचं टाकलं, पैसे घ्या म्हटलं तर चहा पिऊन निघून गेला. त्याला देवाने उठवलं असेलही, पण तो हिशोब त्याचा, मी माझ्या साक्षीत कसा सांगू? आणि दर वर्षी याच दिवसांत कुणाला तरी रक्त मिळत नाही, त्यांनी काय प्रार्थना केली नव्हती?

मला जे मिळालं ते रक्ताच्या आधी मिळालं. हे मी अंदाजाने नाही सांगत, आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची वेळ रजिस्टरला लिहावी लागते. लेक्टिन टेस्ट १०:५०, पिशवी ४:२०. मधल्या साडेपाच तासांत बाई वाचेल याची कुणाला खात्री नव्हती आणि मी त्या पूर्ण वेळात महिनाभरात नव्हते इतकी निवांत होते. चिंता करू नका, देवाची शांती बुद्धीपलीकडची आहे, हे बायबलमधल्या पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला तुरुंगातून लिहिलं, बेड्यांत असताना. मी ते वाक्य आजवर कॅलेंडरवरच वाचत होते, गुलाबाच्या फोटोखाली.

ज्युनियरला हे बोलले तर म्हणतो, "मॅडम, तुम्हाला एसओपी, कामाची ठरलेली पद्धत, पाठ आहे म्हणून शांत होतात, देव कशाला मध्ये आणता?" त्याचं अगदीच चूक म्हणता येत नाही. पण एसओपी मला दहा वर्षांपासून पाठ आहे आणि दहा वर्षं मी खेकसतच आलेय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडेही पूर्ण नाही. साध्या गर्दीच्या दिवशी, त्यानंतरही, मी पुन्हा खेकसलेच आहे. पाळकसाहेबांना म्हटलं, असंच्या असं सांगू दिलंत तर देते साक्ष. ते म्हणाले, विचार करून सांगतो, लोकांचा गोंधळ होईल. कमिटीला काय वाटेल ही काळजी त्यांना जास्त असावी.

त्या बहिणीला लोहाच्या गोळ्या चालू केल्यात. जेवणानंतर लगेच चहा घ्यायचा नाही एवढं सांगायला मी दर आठवड्याला फोन करते, आणि ती दर आठवड्याला चहा पितेच. परवा ११.४ भरलं. १२.५ झालं की तिचं नाव त्या यादीत टाकायचं आहे, तिची आई अजून नको म्हणतेय, तिला समजवायला रविवारी उपासनेनंतर जाणार आहे.